पंढरीची होडी, रंजिताचा हात

सारसोळ्याच्या जेटीवर कुणाच्या होडीचं मशीन अडलं की हाक हिरामणला जायची. तीस वर्षं हेच चालत आलं होतं. धाकटा भाऊ पंढरी गेला तेव्हा त्याची होडी आता आपणच चालवायची, असं हिरामणने गृहीत धरलं होतं. पण तेरावं उरकलं आणि पंढरीची बायको रंजिता स्वतःच ती होडी घेऊन खाडीत उतरली. दोन वर्षांत लोक मशीन दाखवायला तिच्याकडे जाऊ लागले.

हिरामणला हे खुपायचं. रोज सकाळी जाळं निवडताना तो तिरक्या नजरेने तिच्याकडे बघत बसायचा. ती होडीतली पेट्रोलची टाकी उचलून जेटीवर आणायची, जमिनीवर टेकवायची, नरसाळ्याने पेट्रोल भरायची, वर थोडी जागा ठेवायची. मग फडक्याने टाकी पुसून होडीत ठेवायची, नळी जोडायची, झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करायची, नळीवरचा रबरी फुगा पेट्रोल भरून घट्ट होईस्तोवर दाबायची. गियर न्यूट्रलला आहे ना बघून, मशीन बंद करायची लाल दोरी मनगटात अडकवून, मागे कुणी नाही याची खात्री करून मगच ओढायची. एका ओढीत मशीन चालू.

"पूजा मांडतेय पूजा," हिरामण शेजारच्यांना म्हणायचा. कुणी हसायचं नाही, तेव्हा तो आणखी जळायचा.

एका सकाळी भरतीला सगळेच निघाले होते. आज तिच्याआधी बाहेर पडायचंच, असं हिरामणने ठरवलं. खाडीत एक फेरी मारून तो नुकताच आला होता, मशीन तापलेलं होतं. टाकी वर न्यायला वेळ कुठला? त्याने पेट्रोलचा कॅन होडीतच टाकीवर कलंडवला. लाट आली, हात हलला आणि तांब्याभर पेट्रोल तळाला सांडलं. त्याने तिकडे पाहिलंही नाही, चालू करायची दोरी धरली.

"दादा, दोरी वढू नका." रंजिता शेजारच्या होडीतून त्याच्या होडीत उतरली होती. "खाली पेट्रोल हाय."

जेटीवरचे सगळे बघत होते. हिरामणचे कान तापले. "तू शिकवनार मला?"

"मी कुठं शिकवतेय?" ती हळू म्हणाली. "आमचे हे सांगायचे ना, लहानपनी होडीत टाकी भरली म्हनून दादानं कानफटात मारलेली. तवापासून टाकी वरच न्यायची. मला तुमचंच सांगितलेलं येतं."

हिरामणची दोरीवरची मूठ सुटली. ती चापट त्याला आठवली, पंढरीचे भरलेले डोळेही आठवले. आपण कधीपासून आळसावलो, ते मात्र आठवेना.

तो फडकं घेऊन बसला. तळ पुसला, पिळलेलं पेट्रोल डब्यात जमवलं, टाकी जेटीवर नेली. वास जाईपर्यंत नि मशीन गार होईपर्यंत थांबावंच लागणार होतं. तेवढ्यात रंजिता आपल्या होडीत परतली आणि भरतीवर पार दिवाळे गावाच्या बाजूला वळली.

तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. तिचा हातगुण आता त्याला फारसा खुपत नव्हता. पंढरी रात्रीच्या जेवणाला बसून बायकोला आपल्या दादाच्या गोष्टी सांगायचा आणि दादाशी मात्र वर्षानुवर्षं कामापुरतंच बोलायचा. ते त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने टाकी वर नेली. तिच्याशी बोलायला मात्र त्याला अजून महिना लागला.