तोंडातून न निघणारा पासवर्ड

कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही. पण चहा पुढ्यात आलाय, आणि ऐकल्याशिवाय तुम्ही काही मला उठू देणार नाही. तर सांगतो. एकदाच सांगणार. आणि मधे कुणी हसायचं नाही!

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण जाफराबादच्या बाजारात माझ्या शब्दाला वजन आहे. कुणाला काही विचारायला जाणं माझ्या स्वभावात नाही. पोरानं नवा मोबाईल घेतला आणि त्याचा जुना मला दिला. काचेला तडा गेलेला, बॅटरी दुपारीच मान टाकणारी. म्हटलं, चालतंय. माझीही तब्येत तशीच आहे.

मोबाईलच्या दुकानदारानं त्यातलं पोराचं सगळं पुसून काढलं. माझ्या नावाचं खातं उघडलं, फोटो यायची सोय केली, गॅसचा नंबर लावायची सोय केली. मग म्हणाला, "काका, आता मोबाईल उघडायचा पासवर्ड टाका. मी तिकडं तोंड करतो."

"काय टाकू?"

"जन्मसाल बिलकुल नको. मोबाईल नंबर नको. असा शब्द टाका, की चुकूनसुद्धा तुमच्या तोंडून बाहेर पडणार न्हाई."

आता असा शब्द कोणता? शिव्या तर रोज बाहेर पडतात. बैलांची नावं साऱ्या शिवाराला पाठ. देवाचं नाव तर उठताबसता. आणि मग डोक्यात एकदम उजेड पडला. घरच्या मंडळीचं नाव!

तुम्ही आजची माणसं. बायकोला भर रस्त्यात नावानं हाका मारता. आमच्या वेळी तसं नव्हतं. बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे अंगावरचा सदरा काढून बाजारातून चालायचं! मी आजवर "अगं" म्हणालो, "ए" म्हणालो, पोरगी झाल्यावर "सुमनची माय" म्हणालो. नाव? कधीच नाही.

रेशनच्या कामासाठी तिचं आधार कार्ड खिशात होतंच. त्यावर नाव इंग्रजीतही असतं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण बघून बघून अक्षराला अक्षर जुळवता येतं. जुळवलं. मग घरी बसून त्या अक्षरांच्या आकृत्या पाठ केल्या. छाती अशी फुगली म्हणून सांगू! साऱ्या गल्लीला सांगून टाकलं, "माझा पासवर्ड कुणाच्या बापाला काढता येणार न्हाई."

आणि मग माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं.

जालन्याला शिबिर होतं. मोठा हॉल, ओळीनं खाटा, प्रत्येकाच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी. माझ्या डाव्या डोळ्यात दुसरा मोतीबिंदू पिकतच होता. त्यामुळं समोर सगळं ताक सांडल्यासारखं. सोबतीला आमची मंडळी, खाटेच्या पायथ्याशी बसलेली.

सकाळी जावयाचा फोन आला. "मामा, मुलगी झाली! दोघी सुखरूप हायत. फोटो टाकलाय. मी आता आत चाललो, फोन बंद राहील."

सुमनला किती वर्षांनी लेकरू झालं ते तुम्हाला सांगत बसत नाही. तिच्या मायनं तेवढे सगळे दिवस उपास धरले होते. ती ताडकन उठली. "आवं, दाखवा ना! कशी हाय?"

मी मोबाईल उचलला. आकृत्या पाठ होत्या हो! पण दिसायला तर पाहिजेत? बोट टेकवतो एकीकडं, उमटतं भलतंच. मोबाईल थरथरून 'चूक' म्हणतो. तिला तर अक्षरओळखच नाही.

सिस्टर औषध घालायला आल्या होत्या. म्हणाल्या, "आणा काका, मी उघडते. पासवर्ड सांगा."

झालं!

"पासवर्ड सांगायचा नसतो," मी म्हणालो.

"मी काय पळवून नेणारे का तुमचा मोबाईल? सांगा, मग बदलून टाका."

मी इकडंतिकडं पाहिलं. म्हणजे पाहिल्यासारखं केलं. मग मंडळीला म्हणालो, "तू जरा पाणी घेऊन ये बरं."

"तांब्या भरलेला हाय."

"मंग चहा आण."

"आत्ताच पिले ना तुम्ही!"

शेजारच्या खाटेवर अंबडचे हमीदचाचा होते. ते उठून बसले. "क्या बात है पाटील? भाभीला भायेर काहून काढून राह्यले?"

मी सिस्टरला खूण केली, कान जवळ आणा. त्या वाकल्या. मी तोंड उघडलं. तुम्हाला खोटं वाटेल, जीभ टाळूला चिकटली ती सुटेचना! आणि ती तरुण पोरगी माझ्या तोंडाजवळ कान लावून उभी. काय दिसलं असेल ते!

पलीकडच्या बायांच्या ओळीतून आष्टीची एक म्हातारी कडाडली, "अगं बाई! बायकोदेखत कानात सांगायासारखं काय हाय त्यात?"

"नाव असंल कुनाचं तरी," चाचा म्हणाले.

"नाव हाय का काका?" सिस्टरनं विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. "हाय," मी म्हणालो.

"बाईमाणसाचं?"

तोंड गरम झालं, ते त्यांना दिसलं असणार. सगळ्यांचा एकेक डोळा माझ्यावर!

"या वयात!" म्हातारी म्हणाली. "अन् डोळे गेल्यावर!"

सगळा हॉल हसला. ऑपरेशन झालेल्यांना हसायला मनाई होती, तरी हसला. फक्त आमची मंडळी हसली नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत असणार, तशी सवयच आहे तिला. मग हळूच म्हणाली, "जाऊ द्या सिस्टर. त्यांला न्हाई सांगायचं तर ऱ्हाऊ द्या. नातीला काय, मी सावकाश बघंन."

त्या 'सावकाश'नं माझं काळीज हाललं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, जमीन फाटावी आणि खाटेसकट आत जावं.

"तुझंच हाय," मी म्हणालो.

"काय माझं?"

"नाव. पासवर्ड. तुझं हाय."

सिस्टर म्हणाल्या, "मग सांगा की! एवढं काय?"

"न्हाई घेत आम्ही."

"बायकोचं नाव न्हाई घेत?" त्यांना हसू आवरेना. "मावशी, तुम्हीच सांगा मग."

मंडळी सांगायला निघाली, तर आष्टीची म्हातारी गरजली, "गप बस गं! त्यानंच घ्यायचं! अन् सरळ न्हाई, उखाण्यात घ्यायचं. आमचा जीव टांगणीला लावला!"

"बराबर है!" चाचांनी खाटेवर थाप मारली. "उखाना! उखाना!"

सगळा हॉल ओरडू लागला. सलाईनवाला एकजण तर म्हणे हाताची सुई विसरून टाळ्या पिटत होता. मी, ज्यानं कधी वरातीत पाय हालवला नाही, तो खाटेवर मांडी घालून बसलो. घसा खाकरला. बांधावर उभं राहून बोलावं तसा ओरडलो:

"बाजरीच्या भाकरीवर गावरान तूप,
कौतिकाचं नाव घेतो, उघडा आता कुलूप!"

टाळ्या! शिट्ट्या! सिस्टरनं अक्षरं दाबली. मोबाईल थरथरला.

"काका, न्हाई उघडत. पुढं बाई लावलंय का?"

लावलं होतं. आधारवर होतं तसंच.

"मंग पुन्हा घ्या! पुरतं घ्या!" म्हातारी म्हणाली.

घेतलं. पुन्हा! बाईसकट!

मोबाईल उघडला. सिस्टरनं तो मंडळीच्या हातात दिला. तिनं नातीचा फोटो पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. सिस्टर नंतर म्हणाल्या, काचेवरून बोट फिरवत होती, तड्याच्या बाजूनं. मग माझ्याकडं वळली.

"मला वाटलं, तुम्हाला माझं नाव म्हाईतच न्हाई."

या खेपेला कुणी हसलं नाही. हमीदचाचासुद्धा नाहीत.

"म्हाईत होतं की," मी कसंबसं म्हणालो.

"म्हाईत होतं? अन् इतक्या वर्षांनी सांगितलं ते आधी मोबाईलला?"

ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं होतं. झाकून घेतले मी दोन्ही.