दारापेक्षा मोठा पलंग

‘आत्या, आई नहीं रही…’ मिलिंदचा फोन आला तेव्हा मी नागपुरात मेथी निवडत बसले होते. भाच्याला मराठी कळतं सगळं, पण रडू आलं की तो हिंदीत जातो. ‘दवाखान्यात का रे?’ मी विचारलं. ‘नहीं. घर में. उसी पलंग पर.’ सुमनवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, जबलपूरला दीक्षितपुऱ्यातल्या दोन खोल्यांत लग्न होऊन आली आणि तिथूनच गेली. महिना होऊन गेला. तिच्याबद्दल लिहायला बसले की हात थांबतो. पलंगाबद्दल मात्र लिहिता येईल.

दादा गाड्यांच्या कारखान्यात होता. फौजेचे ट्रक बनत तिथे. लाकडाचं सामान घेण्याची ऐपत नव्हती आणि कंडम गाड्यांचं भंगार कबाड्याकडे ढिगानं पडलेलं असे, म्हणून त्याने त्यातूनच संसार उभा केला. ब्रेकड्रमचं स्टूल, जीपच्या सीटचा सोफा, आणि आतल्या खोलीत ट्रकच्या सांगाड्यातल्या लोखंडी चॅनेलचा पलंग. जड चॅनेल एकेक करून आत नेले, नट-बोल्टांनी तिथेच जोडले. जोडून झाल्यावर लक्षात आलं की पलंग दारापेक्षा मोठा झालाय. शेजारी दारात उभे राहून म्हणाले, ‘अब गाड़ी बाहर कैसे निकालोगे, भैया?’ सगळे हसलो. वहिनी नवी नवरी, पदर तोंडाला लावून तीसुद्धा हसली. दादाने सगळ्या सामानाला एकच फौजी हिरवा रंग दिला. ‘वन्सं,’ ती मला हळूच म्हणाली, ‘मी संसार करून राहिले की ट्रकात बसून राहिले, काही समजत नाही बाई.’

मग एकाहत्तरची लढाई आली. कारखान्यात रजा बंद, ओव्हरटाइम सक्तीचा, दादा घरी यायचा तो फक्त जेवायला आणि आडवा व्हायला. ब्लॅकआउटसाठी गल्लीत सगळ्यांनी खिडक्यांना काळे कागद चिकटवले. आमच्या आतल्या खोलीला खिडकीच नव्हती. ‘चलो, आपला कागद वाचला,’ वहिनी म्हणाली. मिलिंद तेव्हा तान्हा होता, त्याची दुपटी वाळायची नाहीत, घरभर ओल्या कपड्यांचा वास. एवढीशी ऊन पडणारी जागा हवी, एवढंच तिचं मागणं होतं. वाळवण घालायला, तुळस लावायला एक अंगण…

लढाई संपली आणि दादाला कारखान्याच्या फाटकाआतल्या वसाहतीत क्वार्टर मिळालं. पुढे अंगण, मागे पेरूचं झाड. वहिनी बघून आली आणि त्याच संध्याकाळी तिने डबे पोत्यात भरले. दादा जेवून उठला, म्हणाला, ‘पलंग कसा नेशील? नट गंजून जाम झालेत. कापावा लागेल तो.’ ‘तर कापा.’ ‘माझ्या हातचा पलंग आहे, काहून कापू?’ ती पोत्याचं तोंड बांधू लागली. मग तो एकदम चिडला. ‘दिवसभर त्या फाटकाच्या आत असतो मी. झोपायलाही आतच जाऊ काय?’ खरं कारण हे होतं. पण ते एकदाच बोलला. पुढे कुणीही विचारलं की पलंगच सांगायचा, आणि लोकांनाही ते पटायचं. मला दादाचा राग येई, कीवही येई. भोंग्याच्या तालावर जगणाऱ्या माणसाला गल्लीतलं ते अंधारं घर हीच एक मोकळी जागा वाटत होती. त्याच्या मोकळेपणात वहिनी मात्र कोंडली गेली.

डबे परत फळीवर गेले. ती भांडली नाही, शिवणाचं मशीन घेऊन लोकांचे ब्लाउज शिवू लागली. एका दसऱ्याला मी माहेरी गेले होते. बघते तर वहिनी पलंगाखाली उताणी, हातात मशीनच्या तेलाची कुपी. ‘हे काय हो?’ म्हटलं. ‘करकरतो ना मेला,’ ती आतूनच म्हणाली. मलाही तेच खरं वाटलं.

तेराव्यानंतर मिलिंदने दादाला आपल्या फ्लॅटवर न्यायचं ठरवलं. पलंग कापायला गॅसकटरवाला बोलावला. तो खाली वाकला, नटाला पाना लावला आणि हसला. ‘कटर की क्या ज़रूरत, बाबूजी? ये तो हाथ से खुल रहा है. किसी ने बराबर तेल दिया है इसमें.’

‘कुणी?’ दादा म्हणाला. मिलिंद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या डोळ्यांसमोर ती कुपी आली. तिने हे कधी बोलून का दाखवलं नसेल? दाखवलं असतं तर दादाने दुसरं कारण काढलं असतं, हे तिला माहीत असणार. त्याने आपणहून एकदा पाना लावून बघावा, एवढीच ती वाट बघत असणार… आणि तो दिवस उजाडलाच तर पलंगामुळे अडायला नको, म्हणून ती तेल घालत राहिली.

चॅनेल एकेक करून बाहेर गेले. चौकटीला कुठे घासलं नाही की अडलं नाही. दुपारभर ते गल्लीत उन्हात पडून होते. दादा उंबऱ्यावर बसला होता, मुठीत एक नट घेऊन. बोटांना तेल लागलं होतं. मी फडकं पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही.