मित्रदेशाला ‘नको’ म्हटलं तेव्हा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधे मला थोडं गंभीर व्हावं लागणार आहे. आणि बाहेर सांगू नका हं! दोन देशांच्या दोस्तीत मी जो घोळ घातला, तो ऐकल्यावर तुम्ही मला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलासुद्धा पाठवणार नाही.

एकाहत्तरची लढाई होऊन काही वर्षं लोटली होती. मी नाशिकरोडच्या एका शाळेत शिकवत होते, आणि संध्याकाळच्या वर्गाला जाऊन हौसेने आपल्या मित्रदेशाची भाषा शिकले होते. कुठला मित्रदेश? ते विचारू नका, तसं मी लिहून दिलंय. तुम्ही ओळखलंच असेल म्हणा. तेव्हा आपल्याला मित्र होते तरी किती!

तर तो देश आपल्या फौजेला मदत देणार होता. तोफा, गाड्या, सुटे भाग, सगळ्यासाठी पैसा. दिल्लीत बोलणी अडली, म्हणून छावणी प्रत्यक्ष बघायला दोन्हीकडची मंडळी नाशकात आली. पुढची बोलणी इथल्याच सरकारी विश्रामगृहात व्हायची होती. दिल्लीहून एक चांगला तयारीचा दुभाषी सोबत आणलेला. त्याने पहिल्याच सकाळी झणझणीत मिसळ खाल्ली, वर रस्सा मागून घेतला. झालं! माणूस आडवा. मग शोधाशोध, आणि आमच्या शाळेच्या फाटकात जीप. हेडमास्तरांना वाटलं, मला धरूनच नेतायत.

आता ते गंभीर.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, त्या लढाईत डावा पाय गुडघ्याखाली गमावून आला होता. एके काळी कबड्डीत अख्खी कॉलनी गाजवणारा माणूस. आता विहारामागच्या आमच्या घरात खिडकीपाशी कुबड्या घेऊन बसायचा. पुण्याला नकली पायासाठी नाव घातलं होतं, पण त्याच्यासारखे कितीतरी पुढे होते. त्याचं हसू बंद झालं होतं. आई स्वयंपाकघरात डोळे पुसायची आणि त्याच्यासमोर आली की भाजीच्या भावावर बोलायची. मला ते बघवायचं नाही.

आणि त्या बोलण्यांमध्ये, तोफांच्या आणि गाड्यांच्या गर्दीत, एक लहानसा मुद्दा होता. छावणीजवळ जखमी जवानांसाठी नकली पाय बनवणारं वर्कशॉप. सकाळी तो वाचला गेला तेव्हा माझे कान टवकारले. एवढं झालं, तर दादा चालणार होता.

आपल्या बाजूचे प्रमुख सबनीससाहेब. दिल्लीत मुरलेले, पण मूळचे आपल्याकडचेच. त्यांनी मला आधीच बजावलं, “बाई, तुम्ही म्हणजे नळ. एकीकडून आलं की दुसरीकडे सोडायचं. त्यात स्वतःचं पाणी घालायचं नाही.”

दुपारपर्यंत नळ उत्तम चालला.

मग जेवण. श्रीखंडपुरी! त्यांचे प्रमुख एक म्हातारे कर्नल होते, पांढऱ्या मिशांचे, थकलेल्या डोळ्यांचे. ते माझ्या आणि साहेबांच्या मधे. त्यांनी ताटावर हात आडवा धरला, “नको, बस.” आपण काय सोडतो होय?

“असं कसं? एक तरी!” साहेब म्हणाले.

“अहो, पुरी म्हणजे नुसता वारा!” मी म्हणाले.

पुन्हा नको, पुन्हा पुरी. कर्नलांच्या कपाळावर घाम आला, पण माणूस शिस्तीचा, ताटात पडलं ते संपवत राहिला.

तेवढ्यात दिल्लीहून ट्रंक कॉल आला आणि सबनीससाहेब उठून बाहेर गेले. कर्नलांनी श्वास घेतला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “ते पायांचं वर्कशॉप. आमच्याकडे त्याला विरोध आहे. पण मी शब्द टाकला तर होऊन जाईल. तुम्हा लोकांना खरंच हवंय का ते? टाकू शब्द?”

सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? ‘साहेबांना विचारते’ म्हणायचं. नाहीतर सरळ त्यांचे पाय धरायचे!

मी काय म्हणाले?

“छे छे, राहू द्या हो. कशाला उगीच तुम्हाला त्रास!”

आणि गोड हसले. वर वाट बघत बसले!

कसली वाट? अहो, दुसऱ्यांदा विचारण्याची! आपल्याकडे पहिल्या खेपेला कोणी हो म्हणतं का? शेजारच्या मावशींनी लाडू पुढे केला की मी आधी आईच्या डोळ्यांकडे बघायचे. पहिल्यांदा नको. दुसऱ्यांदा ‘अहो, खरंच नको’. तिसऱ्यांदा हात पुढे. एवढं वळण हाडात मुरलेलं. तोंडून आपसूक गेलं.

कर्नलांनी मान हलवली, समोर बसलेल्या आपल्या माणसाला काहीतरी सांगितलं आणि पाणी प्यायले. दुसऱ्यांदा विचारलंच नाही. मला वाटलं, संध्याकाळी विचारतील.

दुपारी बैठक बसली. त्यांचा नवा मसुदा आला. सबनीससाहेबांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. वर्कशॉप गायब! साहेबांना वाटलं, आपल्याला दाबायचा डाव आहे. ते म्हणाले, “सांगा त्यांना, मग गाड्याही आम्ही दुसरीकडून घेऊ.”

मी सांगितलं. नळच ना मी!

पलीकडे खळबळ. कर्नल म्हणाले, “मग तुमच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचाही आम्हाला फेरविचार करावा लागेल.”

मी इकडे सोडलं. साहेब लालबुंद. “मग सुटे भागही ठेवा म्हणावं तुमच्याकडेच!”

तेही तिकडे सोडलं. चहा येईपर्यंत गाड्या गेल्या, प्रशिक्षण गेलं, सुटे भाग गेले, दोन देशांमध्ये फक्त बिस्किटांची बशी उरली. आणि माझ्या डोक्यात एकच, दादाचा पाय गेला. दुसऱ्यांदा गेला. का गेला, काही कळेना. मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याला मी नाही नाही ते बोलले.

शेवटी साहेबांनी टेबलावर हात आपटला. “विचारा त्यांना, वर्कशॉप काढलं का?”

मी विचारलं. कर्नल चकित. म्हणाले, “पण तुमच्याच बाजूने नकार आला. जेवताना.”

“कोणाकडून?” साहेब गरजले.

आता बघा हं माझी दशा! कर्नलांनी सरळ माझ्याकडे बोट केलं, आणि ते काय म्हणाले हे साहेबांना सांगायचं होतं कोणी? मीच!

“साहेब,” मी म्हणाले, “ते म्हणतात, दुभाषी बाईंनी नकार दिला.”

साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्यांना सांगा, आमच्या दुभाषी बाईंना अक्कल नाही.”

तेही मी सांगितलं. स्वच्छ उच्चारात, एक शब्द न गाळता.

“बाई, तुम्ही नको म्हणालात?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, पहिल्यांदाच हो कसं म्हणणार?”

साहेबांचा राग ओसरताना मला दिसला. त्यांच्याही आईने त्यांना तसंच वाढवलेलं! ते खुर्चीत मागे टेकले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, “आता हे त्यांना समजावायचं कसं?”

मग मी समजावलं. लाडू, मावशी, आईचे डोळे, सगळं. बोलता बोलता नळ फुटला. दादाचं बोलून गेले. खिडकीपाशी कसा बसतो, आई भाजीच्या भावावर का बोलते. नंतर रडूच आलं मला, परक्या भाषेत हुंदका कसा आवरतात ते वर्गात शिकवलं नव्हतं.

कर्नल उठले नाहीत. त्यांनी खाली वाकून आपल्या पोटरीवर बोटांनी टकटक केलं. लाकडाचा आवाज आला.

“माझी लढाई तुमच्या भावाच्या आधीची,” ते म्हणाले. “हा पाय मिळायला मला फार थांबावं लागलं. थांबणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.”

त्यांनी मसुदा ओढला, त्यात वर्कशॉप परत लिहिलं आणि सबनीससाहेबांकडे बघून विचारलं, “हवं?”

“हो!” साहेब मी भाषांतर करायच्या आत ओरडले.

त्यामागून गाड्या आल्या, प्रशिक्षण आलं, सुटे भाग आले. मी मात्र तिथेच शपथ घेतली, आता कोणीही काहीही देऊ केलं, तर पहिल्या खेपेला हो म्हणायचं. देशाचा प्रश्न आहे!

निघायच्या दिवशी मी विश्रामगृहाच्या पायऱ्यांवर उभी होते. कर्नल काठी टेकत आले. शिसवीसारखी काळी, चांदीच्या मुठीची सुंदर काठी. थांबले, आणि ती माझ्यापुढे धरून म्हणाले, “तुमच्या भावासाठी. नवा पाय बसला की सुरुवातीला काठी लागते. घ्याल?”

“हो!” मी म्हणाले, आणि घेतलीसुद्धा.

कर्नलांचा हात तसाच हवेत राहिला. मागे सबनीससाहेबांना जोराचा खोकला लागला. मग कर्नलांनी साहेबांचा खांदा धरला आणि एकेक पायरी उतरत गाडीत जाऊन बसले. मी काठी उंच करून हसत निरोप दिला.

घरी आले. दादाच्या मांडीवर काठी ठेवली, वर्कशॉपचं सांगितलं. तो कितीतरी वेळ काठीवरून हात फिरवत राहिला. आईने पदर तोंडाला लावला.

“‘घ्या’ म्हणून हातात दिली, की ‘घ्याल का’ म्हणून विचारलं?” दादाने विचारलं.

“‘घ्याल?’ म्हणाले. मी लगेच हो म्हटलं.”

“त्यांना तू आपली पद्धत शिकवली होतीस ना?”

“सगळी! लाडवासकट.”

“म्हणजे तू नको म्हणशील अशा हिशोबानं त्यांनी विचारलं असणार!” तो माझ्याकडे बघत राहिला. “सुमे, आणि तो म्हातारा पायऱ्या कशा उतरला गं?”

“साहेबांचा खांदा धरून…” मी म्हणाले, आणि कपाळावर हात मारून घेतला.

दादा हसायला लागला. फौजेतून आल्यापासून पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खाटेवर हात आपटत, आईसुद्धा घाबरली इतका हसला.

“आई,” धापा टाकत तो म्हणाला, “ह्या पोरीला परत सरकारी कामाला नको पाठवू गं. पाहुणा काठी टेकत येतो, आणि लंगडी घालत जातो!”