नाली आली की बेंजो थांबते

थांबा, हातातलं काम बाजूले ठेवा अन् हे आधी ऐका, कारण मले आत्ताच सांगाव लागते. फुलसावंगीहून यवतमाळले परत येऊन दोन दिवस झाले, पण पोटात मावूनच नाही राह्यलं. मैत्रिणीले फोनवर सांगून झालं. मेसमधल्या मावशीले सांगाले गेली तर ती म्हणे, "बाई, पोळी थंडी होऊन राह्यली." म्हणून आता लिहून राह्यली.

गोष्ट माह्या मामाची आहे. नाव कोणाचंच लिहिणार नाही, मामाची अटच तशी आहे.

मामा फुलसावंगीले कास्तकारी करते. अन् एका काळी त्याची बेंजो पार्टी होती. लग्नातला बेंजो हो! टाइपरायटरसारखे बटनं डाव्या हातानं दाबाचे, उजव्या हातानं तारा छेडाच्या, अन् हातगाडीवरच्या भोंग्यातून असा आवाज निघते की दुसऱ्या गावचे कुत्रे उठून बसते. त्यायची एक कॅसेट आमच्याकडं सगळ्यायनं ऐकलेली. सिनेमाच्या चाली, बेंजोवर वाजवलेल्या. बाजारात खपली होती म्हणते. मी लहानपणी तिच्यावर नाचली आहे. पण ती तिसरी होती! तिच्या आधी दोन होत्या, हे मले इतके वर्षं कोणीच सांगतलं नव्हतं.

आता माहं कसं आहे, मले लांब लांब गाण्यायचं याड आहे. प्रोग्रेसिव्ह पॉप म्हणते त्याले. गाणं गुणगुणता येते, पॉपच असते, पण पंधरा-वीस मिनिटं चालते, मधातच ताल बदलते, मधातच दुसरंच काहीतरी सुरू होते, अन् फिरून पहिल्या जागेवर येते. ज्या बँडले कोणी कुत्रं विचारत नाही त्याचे पहिले-पहिले अल्बम हुडकाचे, हा माहा धंदा. रूममेट म्हणते, "जे कोणालेच आवडत नाही तेच तुले कसं आवडते वं?"

तर मामाच्या पोरीचं, म्हणजे माह्या ताईचं लग्न ठरलं. नवरदेव नेरचा. घराले रंग द्याचा होता म्हणून मी आठ दिवस आधीच गेलती. माळ्यावरचं सामान खाली काढता काढता एक खोकं हाती लागलं. वरतं स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'वापस'. आत कॅसेटाच कॅसेटा. कव्हरवर बैलगाडीच्या चाकाचं चित्र, हातानं काढलेलं. अन् एका बाजूले गाणं एकच! पूर्ण साइड, एक गाणं! अशी गोष्ट माह्यासारख्या पोट्टीच्या हाती लागावी म्हणजे पाहा.

"मामा, हे काय हाय?"

मामा रंगाचा डबा ढवळून राह्यला होता. त्यानं वरतं पाह्यलंबी नाही. "खराब माल हाय तो. ठेव तिकडं. भंगारवाला आला की देऊन टाकजो. अन् गोठ्यात पोत्याखाली बेंजो हाय, तोबी दे."

मामी हळूच मले म्हणे, "त्यायच्या समोर नको काढू ते. मन खट्टू होते त्यायचं."

मग तर ऐकणंच आलं ना! पण वाजवाचं कशावर? घरातला टेप कधीचाच गेला. मामीच म्हणे, "ड्रमवाल्या भाऊच्या गाडीत हाय अजून."

हे ड्रमवाले काका मामाच्या पार्टीतले. राहणं बाजूच्या बंजारा तांड्यावर. आता फुलसावंगी ते महागाव काळीपिवळी जीप चालवते. पार्टीत चौघं होते, आता हे दोघंच उरले. मले बांगड्या आणाले महागावले जावंच लागत होतं. समोरच्या सीटवर बसली, कॅसेट काढली. काकानं कव्हर पाह्यलं, गाडीचा गिअर टाकणंच विसरले.

"कुठी भेटली वं तुले?"

"माळ्यावर. लावा ना काका."

लावली. देवाशप्पथ सांगते, अंगावर काटा आला. सुरुवातीले एकटा बेंजो, सावकाश, जसं कोणी तोंड धुऊन राह्यलं. मग डफडं आत आलं. मग ताल उडाला, साताचा झाला, मी बोटावर मोजला! अन् सहाव्या मिनिटाले सगळं बंद. काहीच नाही. फक्त काडीनं लाकडावर टिक, टिक, टिक.

मागून एक जण म्हणे, "गेली. फसली टेपात."

मलेबी तसंच वाटलं. पण पुन्हा सुरू झालं, अजून जोरात. महागावात पोचल्यावर पर्समधली त्याच गाण्याची दुसरी कॅसेट लावून पाह्यली. तिथंच बंद. तिसरी लावली, तिथंच. तेव्हा मी म्हटलं, हे खराब नाही, हे मुद्दाम केलेलं आहे! माह्या मामानं मधात शांतता वाजवली आहे! रूममेटले तिथूनच मेसेज टाकला, "माहा मामा जगाच्या पुढं होता." मोठमोठे शब्द वापरले. काकालेबी समजावून सांगतलं, की हा कसा प्रयोग आहे, शांतता हेसुद्धा कसं संगीत असते. काका सगळं ऐकून घेत अन् मिशीत हासत.

वापसीत गाडी गच्च भरली. गाव आलं, मारुतीच्या देवळापाशी काकानं गाडी उभी केली. कॅसेट पहिल्यापासून लावली.

"आता ऐक," म्हणे. अन् गाडी निघाली, पण कशी? पायदळ माणूस चालते तशी. पहिल्या गिअरात.

मागं त्यायच्याच तांड्यावरची एक म्हातारी होती, मांडीवर गाठोडं. ती वरडली, "उतरू दे रे मले, पायदळ लवकर पोचन मी!"

"बस ना याडी," काका म्हणे. याडी म्हणजे त्यायच्या बोलीत माय. "गाणं होऊ दे."

देऊळ मागं पडलं, डफडं आत आलं. मोठ्या रस्त्याले लागलो, अन् तो साताचा ताल सुरू झाला. काका म्हणे, "इथी गोटेच गोटे होते. सरळ पाय पडतच नव्हता कोणाचा, लंगडत चालाव लागे. मग तालबी लंगडा ठेवला." पुढं पिठाच्या चक्कीजवळ आलो, अन् बंद! टिक, टिक, टिक.

"इथी नाली होती," काका म्हणे. "बेंजोची गाडी चौघायनं उचलून पलीकडं न्याव लागे. हातच रिकामे नाही तर वाजवन कोण? मी एका हातानं काडी वाजवत राहो."

मी त्या सिमेंटच्या सपाट रस्त्याकडं पाहत राह्यली. नाली केव्हाच बुजवली. कॅसेटीत मात्र होतीच. दवाखाना आला, आवाज एकदम बारीक. चौक आला, धिंगाणा. शाळेचा चढाव आला, ताल जड झाला, गाडी ढकलाची ना वरतं! अन् शाळेच्या पटांगणापाशी, जिथं गावातले सगळे मांडव पडते, तिथं गाणं संपलं. बरोब्बर तिथं. मले समजेच ना हसू का रडू. याडी म्हणे, "झालं तुमचं? मले दोन घरं मागंच उतराचं होतं."

मी पळतच घरी. मामा दाराले पॉलिश मारून राह्यला होता. मी काहीच विचारलं नाही. फक्त बोलत गेली, "मारुती. गोटे. चक्कीजवळची नाली. दवाखाना. चौक. शाळेचा चढाव."

मामाचा हात थांबला. "कोणं सांगतलं?"

"कॅसेटीनं. चार डाव ऐकली."

तो खाली ओट्यावर बसला. मग सांगाले लागला, इतकं तो माह्यासंग कधी बोलला नसन. स्टुडिओत त्यायले खुर्च्यांवर बसवलं होतं. बसून कोणालेच वाजवता येईना. शेवटी चौघं उभे राह्यले, डोळे मिटले, अन् मनातल्या मनात मारुतीपासून वरात काढली. नाली आली तसे थांबले. स्टुडिओवाला काचेमागून हात हालवे, 'काय झालं, काय झालं?' दुसऱ्या कॅसेटीतबी तसंच, फक्त रस्ता तांड्याकडचा. मग लोकं कॅसेटा घेऊन दुकानात वापस, मधात बंद पडते म्हणून. दुकानदारानं दोन्ही एकाच खोक्यात भरून घरी पाठवल्या. "लोकायचं खोटं नाही वं," मामा म्हणे. "त्यायले काय माहीत आमच्या गावात नाली हाय म्हणून? मग तिसरीत आम्ही आपलं काहीच टाकलं नाही. सिनेमाचं टाकलं. खपलं. पण त्या दिवसापासून बेंजो गळ्यात जड लागे."

"ताईच्या लग्नात वाजव ना मामा."

"येडी झाली काय? मुलीचा बाप मांडवाच्या दारात उभा राहते व्याह्याच्या भेटीले. वरातीत बाजा वाजवते काय? अन् त्यायचा डीजे ठरला हाय."

विषय संपला. मी तोंड पाडून बसली. दुसऱ्या दिवशी नेरचे पाहुणे आले, ताईचे होणारे सासरे अन् दोघं-चौघं, वरातीचा टाइम ठरवाले. ताई चहा घेऊन आली. माही ताई कमी बोलते, पण बोलली की बोलली. कपबशी सासऱ्याच्या हातात देत म्हणे, "डीजे जेवणं झाल्यावर लावा, पाह्यजे तितका. मारुती ते मांडव माहे बाबा वाजवन."

सासरे मामाकडं पाहे, मामा चहाकडं पाहे. मामी पदरात हसे.

सासरे म्हणे, "मग भेटीले कोण उभं राहीन?"

"वाजवत वाजवत दारापर्यंत येईनच ना ते," ताई म्हणे. "तुमच्या आधी."

मामानं चहा संपवला अन् पॉलिशचा डबा उचलला. संध्याकाळी मी परत निघाली होती एका दिवसासाठी, तर फाटकापाशी येऊन म्हणे, "यवतमाळले तारा भेटते काय वं बेंजोच्या? भेटल्या तर दोन जोड आणजो."

आणल्या! चार जोड आणल्या!

लग्नाचा दिवस. ऊन असं की भोंगे तापले होते. नेरची वरात मारुतीपाशी उतरली, नवरदेव पाया पडला, अन् मामानं बेंजो गळ्यात अडकवला. नवा पांढरा शर्ट, कपाळाले गंध. जुनी गाडी काकानं धुऊनपुसून आणली होती. ढकलाले मी अन् माहे तिघं मावसभाऊ. काकानं डफडं तापवून घेतलं. अन् तो एकटा बेंजो सुरू झाला, सावकाश. नवरदेवाकडचे पोट्टे एकमेकाकडं पाहे, यावर नाचाचं कसं म्हणून. पण गोट्यायचा ताल आला अन् पाय आपोआप लंगडले. सगळी वरात लंगडून नाचे! एकजण तर म्हणे, "कोणती नवीन स्टेप हाय बे ही?"

चक्की आली. मामाचा हात थांबला. काका वरडले, "उचला!"

आम्ही चौघायनं खरंच उचलली गाडी. सपाट रस्त्यावर. टिक, टिक, टिक.

सासरे मागून घाबरून म्हणे, "काय झालं? बंद पडलं काय?"

अन् चक्कीच्या ओट्यावर एक आजी बसली होती, ती जोरात म्हणे, "बंद कायले पडते भाऊ? नाली आली!"

मी मागं वळून पाह्यलं. गावातले जितके जुने लोकं वरातीत होते ना, ते एकेक करून त्या जागेवर पाय उंच उचलत होते. लुगड्याच्या निऱ्या हातात धरून, धोतर सावरून, जिथं काहीच नाही तिथून पाय पलीकडं टाकत होते. त्यायले पाहून नेरचे पाहुणेबी टाकाले लागले. सासरेबी! मग मामानं तारेवर असा हात मारला, असा मारला की मी गाडी ठेवाचीच विसरली.

दवाखान्यापाशी बारीक. चौकात धिंगाणा, सासऱ्याची टोपी कुठी गेली त्यायलेच माहीत. चढावाले सगळे गाडीले हात लावाले आले. अन् मांडवाच्या दारात शेवटचा सूर. मामानं पट्टा गळ्यातून काढला, बेंजो माह्या हातात देल्ला. "धर. आता मले मुलीचा बाप होऊ दे." शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, टोपी घातली, अन् दारात सरळ उभा राह्यला.

सासऱ्यायनं भेट घेता घेता विचारलं, "कोणाचं गाणं होतं हो हे?"

"आमचंच," मामा म्हणे. मोठ्यानं म्हणे, सगळ्यायले ऐकू जाईन असं. "पहिल्या कॅसेटीतलं."

ते खोकं आता माळ्यावर नाही. समोरच्या खोलीत टीव्हीच्या बाजूले आहे, 'वापस' लिहिलेली बाजू समोर करून. मामानंच तसं ठेवलं. दोन्ही कॅसेटा मी काकाच्या गाडीत बसून फोनमध्ये उतरवून घेतल्या, गाडी बंद करून, खिडक्या लावून, घामानं ओलीचिंब होऊन. दुसरी ऐकाले तांड्याच्या रस्त्यानं अजून जायचीच आहे. काका म्हणे, "त्या रस्त्यात दोन नाल्या हाय."

तुमच्या घरी झालं काय कधी असं? कोणाचं काहीतरी खराब म्हणून वापस आलेलं, कोणी उघडून न पाह्यलेलं, अन् तुम्ही ऐकलं तर त्यात तुमचं पूर्ण गाव निघालं? खरं सांगा. अन् तेव्हा तुमच्या घरच्या माणसाचं तोंड कसं दिसत होतं, तेबी सांगा.