निकाल लागला, पण कोणाचा?

त्या दिवशी मी खांडबाऱ्याच्या गिरणीत ज्वारीचं दळण घेऊन उभा होतो. फोन वाजला. डॉक्टर मुग्धा बोलत होत्या. गिरणीच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून मी त्यांचंच वाक्य ओरडून परत म्हटलं, "निकाल लागला? कधी?"

गिरणीवाल्या रमेशने गिरणी बंद केली. दळणाला आलेल्या बायांनी डोक्यावर पदर घेतला.

"कोणाचा निकाल लागला, सर?" त्याने हळूच विचारलं.

"टीबीच्या संशोधनाचा."

"मग ठीक शे," म्हणत त्याने गिरणी पुन्हा सुरू केली. "माले वाटनं, कोण गया!"

आमच्या गटातल्या गोष्टी अशाच साठत गेल्या. कोणी मुद्दाम जमवल्या नाहीत. टीबीतून उठलेली माणसं, त्यांच्या घरचे आणि डॉक्टर यांना एका खोलीत बसवायचं आणि 'या कागदातले शब्द लोकांना कळतील का' असं विचारायचं, म्हणजे दुसरं काय होणार?

*

संशोधनाचा प्रश्न साधा होता. टीबी ओळखायला छातीतून सुटलेला बेडका लागतो. तो ज्यांना येतच नाही, त्यांच्या जिभेवरून कापसाची काडी फिरवून आजार सापडेल का? ज्या लोकांच्या जिभेवरून ती फिरवायची, त्यांना आधी विचारून घ्यावं, म्हणून आमचा गट. त्यात पुण्याहून आलेल्या डॉक्टर मुग्धा होत्या. तापीकाठचे केळी-कापूसवाले हिरालालभाई आणि डोंगराकडच्या एका गावातल्या जमनाबाई होत्या. हे दोघंही टीबीतून बरे झालेले. आणि शाळेत मराठी शिकवणारा मी.

माझी बायको सुनंदा टीबीने गेली. तिला बेडका येत नसे. डबीत नुसती थुंकी जायची आणि तपासणीत काही निघायचं नाही. सुरतच्या एका दवाखान्यात नेलं तेव्हा आजार कळला, पण उशीर झाला होता. म्हणून जिभेवरून तो सापडतो की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. ते कळेपर्यंत बैठकांत मी शब्द तपासत बसे.

*

पहिल्या बैठकीला दारावर कागद लावला होता : 'बाधित समाज सल्लागार गट'. हिरालालभाई तो वाचून दारातच थांबले.

"मन्हा समाज कसाले बाधित?"

डॉक्टरांनी समजावलं की समाज म्हणजे इथे जात नव्हे, सगळे लोक.

"मग सगळा लोक लिखा ना. समाज म्हणजे समाज."

ही चर्चा चालू असताना एक बाई नारळ आणि लिंबू घेऊन आत आली. सुनेला बाधा झाली आहे, उतरवणारा भगत कुठे बसतो, असं तिने विचारलं. हिरालालभाईंनी तिला खुर्ची दिली.

"आठे बाधा उतरत नही, माय. आठे नुसता चहा मिळस."

ती चहा पिऊन गेली. डॉक्टरांनी मात्र सुनेला काय होतं ते विचारून घेतलं, पत्ता घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या आशा कार्यकर्तीला घरी पाठवलं. कागद बदलून आम्ही 'खोकलावाल्यांची बैठक' असं लिहिलं. वरच्या कार्यालयाला ते आवडलं नाही, पण बैठकीला पुन्हा कोणी वाट चुकून आलं नाही.

*

माहितीपत्रकात 'थुंकीचा नमुना' असं छापलं होतं. जमनाबाई म्हणाल्या, "थुंकी मागितली तर लोक थुंकीच देतील. बेडका मागा."

मी पत्रकातल्या 'थुंकी'वर काट मारली. डॉक्टरांनी 'बेडका' लिहून वर पाठवलं. उत्तर आलं, 'अधिक शिष्ट शब्द सुचवावा.'

"शिष्ट खोकला कुठे मिळतो?" जमनाबाईंनी विचारलं.

शेवटी मराठीचा मास्तर म्हणून मी 'कफ' सुचवला. सगळ्यांनी मान डोलावली. त्या आठवड्यात तपासणीच्या शिबिरात तीन म्हातारे घरून कप घेऊन आले. एकाने तर बशीही आणली होती.

पुढच्या पत्रकात 'बेडका' आला.

*

संमतीपत्रात एक वाक्य होतं : 'आपण या संशोधनातून केव्हाही बाहेर पडू शकता.' ते मोठ्याने वाचून दाखवायचा नियम. जमनाबाईंच्या गावी मी ते वाचलं तसे एक आजोबा उठले, बाहेर गेले, बिडी ओढली आणि परत येऊन बसले.

"पडून आलो बाहेर," ते म्हणाले. "पुढचं वाचा."

*

काडीला कापूस लावलेला असतो हे कळल्यावर हिरालालभाई उत्साहात आले. "कापूस मन्हा शेतमाथून ल्या. फुकट."

तो जंतुविरहित लागतो, कारखान्यातून बंद पाकिटात येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. हिरालालभाईंनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"भाव तं पहिलेच नही," ते म्हणाले. "आते कापूसले इज्जत बी नही."

*

जिभा दाखवायला लोक सहज तयार झाले नाहीत. मागे कोणी आले होते, रक्त घेऊन गेले आणि पुढे काय निघालं ते कोणालाच कळलं नाही, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा जमनाबाईंनी आपल्या गावाला शब्द दिला की निकाल कुठे छापून येण्याआधी इथे सांगतील. बैठकीत त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "नाही सांगितला, तर तुम्ही पुण्याला जाल. मला त्याच गावात राहायचंय."

म्हणून गिरणीतल्या फोननंतरच्या रविवारी आम्ही तिथे गेलो. अंगणवाडीच्या ओट्यावर सगळं गाव जमलं. डॉक्टर मराठीत सांगत आणि जमनाबाई कोकणीत, म्हणजे गोव्याच्या नव्हे, डोंगरातल्या आदिवासींच्या बोलीत.

डॉक्टर म्हणाल्या, "जिभेवरून टीबी सापडतो. पण सगळ्यांचा नाही. काहींचा सुटतो."

एवढ्याशा वाक्यावर जमनाबाई बराच वेळ बोलल्या. लोक हसले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही कळलं नव्हतं.

"मी सांगितलं, हा शाळेचा निकाल नाही," जमनाबाई म्हणाल्या. "कोणी पास नाही, कोणी नापास नाही. जीभ बोलली तेवढं डॉक्टरने ऐकलं."

बिडीवाले आजोबा मागून म्हणाले, "जीभच ती. सगळं खरं थोडंच सांगणार?"

डॉक्टरही हसल्या. मग जमनाबाईंच्या काकूने हात वर केला. काकू फार म्हाताऱ्या. त्या बोलत होत्या आणि जमनाबाई आम्हाला मराठीत सांगत होत्या.

"काकू विचारते, ज्यांचा सुटला त्यांचं काय झालं?"

"त्यांची दुसरी तपासणीही केली होती," डॉक्टर म्हणाल्या. "तिच्यात टीबी सापडला. औषध चालू आहे."

काकूंनी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा काही विचारलं. या वेळी जमनाबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"काकू विचारते, हे बरं झालं. पण ही काडी येण्याआधी ज्यांचा सुटला, त्यांच्या घरी सांगायला कोण जातं?"

डॉक्टरांनी प्रश्न कागदावर लिहून घेतला. हिरालालभाईंनी चष्मा काढून पुसला.

"सर जातील," जमनाबाई म्हणाल्या आणि तेच काकूंना कोकणीत सांगितलं.

मी हो म्हणालो.

कोरीटला माझे सासू-सासरे असतात. तपासणीत काही निघालं नव्हतं, मग आमच्या सुनंदाला टीबी आला कुठून, असं ते भेटेल त्याला अजून विचारतात. तो तपासणीतूनच सुटला होता, हे सांगायला मी अजून कोरीटला गेलेलो नाही.