दार उघडणाऱ्याचा वाटा

रेल्वेवरच्या भरपाईच्या दाव्याच्या अपिलाची तारीख सोमवारी होती. पण शुक्रवारीच तुळसा शिवडीहून गिरगावात येऊन थडकली. घरी तिचा पाय ठरत नव्हता. खालच्या कोर्टाने लिहून ठेवलं होतं, की तिच्या नवऱ्याने, महादेवने, परळचं बंद रेल्वे फाटक चढून ओलांडलं आणि आपल्याच चुकीने तो गाडीखाली गेला. त्या दिवशी तुळसाला ताप होता, म्हणून मासळीची पाटी त्याने नेली होती. भरली पाटी डोक्यावर घेऊन कोण फाटक चढतो?

वकील जयवंतरावांचं मागचं दार त्यांच्या बायकोने, दमयंतीबाईंनी उघडलं. तुळसाने पाटी उतरवून चार बोंबील उंबऱ्याशी ठेवले.

"अगं, मी मागितले कुठे?"

"पाटीला जो दार उघडंल त्याचा वाटा, बाय. त्यो ठेवल्याबिगर पाटी पुढं न्यायची न्हाय."

आतून जयवंतराव बाहेर आले. "आणि परळच्या फाटकावर?"

"तिथं गुनाजी फाटकवाल्याचा वाटा. रोजचा. मोठं फाटक बंद असलं तरी त्यो बाजूचं दार उघडायचा."

"मग कोर्टात विचारलं, गुणाजीला काही देत होतीस का, तर 'काय पन न्हाय' कशी म्हणालीस?"

"त्याला देनं म्हंतात व्हय? वाटा त्याचाच की!"

जयवंतरावांनी कपाळावर हात मारला. काही मिळत नसताना गुणाजी कायदा मोडून दार कशाला उघडेल, असं खालच्या कोर्टाने म्हटलं होतं आणि या एकाच मुद्द्यावर तुळसा हरली होती.

"आता हे सांगायला नवा अर्ज करावा लागेल. घेतील, न घेतील. आणि पहिली शपथ खोटी ठरवून तुलाच आत टाकतील."

"आन् गुनाजी?"

"त्याची नोकरी जाईल."

तुळसा परसातल्या विहिरीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. दार उघडलंच नाही, असं गुणाजी शपथेवर बोलला होता. पण त्याचीही चार पोरं होती.

"तुळसे, घाई नको करू," दमयंतीबाई म्हणाल्या. "लेक आहे तुझ्या पदरात."

"तिलाच तर उद्या लोक बोलतील, बाय. तुजा बाप चोरावानी फाटकावं चढला म्हून." ती वकिलांकडे वळली. "आंगठा कुठं लावू?"

"अर्ज लिहायचाय अजून. तू पाटी विकून ये."

"लिवा तुमी. मी हितंच हाय."

ती बसली मात्र नाही. ऊन चढलं, पाटीतले बोंबील मऊ पडत चालले, दमयंतीबाईंनी दोनदा हाक मारली. तुळसा विहीर ते उंबरा अशा येरझाऱ्या घालत राहिली.