काठावर पास

देवाला इतका छळणारा आणि माणसाला इतका जपणारा माणूस खालापूर तालुक्यात आमच्या मास्तरांशिवाय दुसरा झाला नाही. यातलं पहिलं सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. आता गुडघे गेले, कान गेले. गप्प बसण्याचाही कंटाळा आला आहे.

मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवत आणि माझ्या शेजारी राहत. तपासल्याशिवाय कुठलीही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरत नसे. मांजर आडवं गेलं की काम बिघडतं, हे पडताळायला त्यांनी मुलीला बघायला पाहुणे येणार त्या दिवशी माझं मांजर पिशवीत भरून नेलं आणि पाहुणे उंबऱ्यात असताना सोडलं. लग्न जमलं. मांजर मात्र बरेच दिवस माझ्याशी नीट वागेना. एकदा भर सूर्यग्रहणात शिळफाट्याच्या चौकात उभं राहून, सगळ्यांना दिसेल असा त्यांनी वडापाव खाल्ला. संध्याकाळी पोट बिघडलं. गाव खूश. मास्तर गोधडीतून म्हणाले, "वडा कालचा होता. सूर्याला कशाला मधे आणता?" वहिनी म्हणायच्या, "यांच्याशी संसार म्हणजे रोजची परीक्षा, आणि पेपर तपासणार हेच."

पण त्यांचा खरा राग होता तो इटलीतल्या त्या दुर्बीणवाल्यावर. पृथ्वी फिरते म्हणाला आणि धर्मगुरूंनी दटावल्यावर गुडघे टेकून 'चुकलो' म्हणाला. दरवर्षी नववीच्या वर्गात मास्तर त्याला उभा करत आणि नापास करत. "डोक्याला पैकीच्या पैकी. कण्याला शून्य." एखादी पोरगी म्हणे, "सर, म्हातारा व्हता तो, भ्याला आसंल." मास्तर म्हणत, "भिण्याला मार्क नाहीत."

आमच्या गावात देवीला कौल लावल्याशिवाय मोठं काम होत नाही. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मास्तरांच्या लक्षात आलं, की होकारच फार येतात, कारण दार उजव्या अंगाला आणि घाटावरचा वारा थेट आत. एका कौलाला त्यांनी वहिनींची जुनी चादर दारावर बांधली. चादर असली की कधी ही पाकळी पडे, कधी ती. चादर सोडली की उजवीच. पुन्हापुन्हा करून दाखवलं आणि वर्गाकडे बघावं तसं गावाकडे बघितलं.

गाव वाऱ्यावर चिडलं नाही, गुरवावर चिडलं. "इतकी वर्सं फसवलंस रं आमाला?" सगळ्यांत मोठा आवाज माझा, कौल घेऊन बांधलेलं माझं घर दर पावसाळ्यात गळत होतं. "मी काय केलं वो? दार काय मी बसवलं?" गुरव म्हणत राहिला. त्याच्याकडची पूजा आणि पूजेपोटी तो कसत असलेलं भाताचं शेत, दोन्ही काढून घ्यायचं ठरत आलं.

तेव्हा मास्तर उठले. त्यांनी देवीपुढे नारळ ठेवला, गुडघे टेकले. "चुकलो. माझ्या चादरीनं कौल बिघडला. गुरवाचा दोष नाही." गाव निवलं. खोबरं वाटलं गेलं.

बाहेर मी त्यांना गाठलं. "काय मास्तर, दुर्बीणवाल्याला नापास करत होतात ना?"

ते चपला शोधत होते. "त्याला काठावर पास केला," म्हणाले. "त्याच्या मागं कोण उभं होतं, ते मी कधी विचारलंच नव्हतं."

हे वाक्य मी गिळलं आणि 'माफीवाले मास्तर' हे नाव गावभर केलं. त्यांना भित्रा म्हटलं की माझा त्या दिवशीचा आवाज कुणाला आठवत नसे. पोरं ते नाव फळ्यावर लिहीत. मास्तर आधी त्यातलं शुद्धलेखन सुधारत, मग पुसत.

मास्तर गेले. देऊळ नवं झालं. ग्रॅनाइट आलं, पंखे आले. पूजा आता गुरवाचा मुलगा करतो. परवा कौल होता. त्यानं आधी पंखा बंद केला, मग दार लोटून कडी घातली. पनवेलला राहणाऱ्या कुणीतरी विचारलं, "हे कशाला?"

"आसंच करत्यात," तो म्हणाला. "पयल्यापास्नं हाय."

मी दारापाशी उभा होतो, मास्तर उभे राहत तिथे. "मास्तरांनी लावलेली रीत आहे ती," मी म्हणालो. ऐकू येत नसल्यानं जरा मोठ्यानं बोललो असेन. सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. तेवढ्यात पाकळी पडली. कुठली, ते कुणीच पाहिलं नाही.